अर्ध्यावर अडकलेला काटा

भुकूमहून फोन आला तो पारूबाईंचा. माझ्या नंदाआत्याच्या शेजारीण. "तुजी आत्या झोपेतच गेली रं..." एवढंच म्हणाल्या. फोन तसाच हातात धरून बसल्या असाव्यात, कारण पलीकडून मला बराच वेळ त्यांच्या अंगणातल्या कोंबड्या ऐकू येत होत्या.

आत्याचे यजमान गेले तेव्हा त्यांची जुनी पेट्रोलची गाडी विकून टाक, असं सगळ्यांनीच आत्याला सांगितलं होतं. तिने उलट पन्नाशी ओलांडल्यावर गाडी शिकून घेतली. पुढे पारूबाईंच्या किडन्या निकामी झाल्या आणि आठवड्यातून दोनदा पुण्याला डायलिसिस सुरू झालं. त्यांचा मुलगा लांब नोकरीला. आत्याने कुणी न सांगताच ते काम अंगावर घेतलं.

एकदा परत येताना भूगावच्या अलीकडे गाडी बंद पडली. पेट्रोलचा काटा अर्ध्या टाकीवर आणि टाकी कोरडी! पारूबाई अगदी गळून गेलेल्या. आत्याने एका टेम्पोवाल्याला थांबवून त्यांना घरी धाडलं आणि स्वतः गाडीपाशी थांबली. दुसऱ्या दिवशी पारूबाईंनी सांगून टाकलं, "मी आता येत न्हाई. तुज्या गाडीचा भरवसा न्हाई."

कारखान्यात मी मशिनांची दुरुस्ती करतो, म्हणून आत्याने मला बोलावून घेतलं. "गाडीचं निस्तं निमित्त हाय," ती म्हणाली. "तिला जगायचाच कंटाळा आलाय. ते निमित्त तेवढं काढून घ्यायचं."

आम्ही मागची सीट उचलून टाकीवरचं झाकण उघडलं. काट्याकडे जाणारी वायर सोडून मी ती पत्र्याला टेकवली. पुढे बसलेली आत्या ओरडली, "पळाला रं! पार टोकाला!" म्हणजे काटा बरा होता, दोष टाकीत होता. मग बॅटरी सोडली, दारं उघडी टाकली आणि आतला फ्लोट बाहेर काढला. पेट्रोलवर तरंगत वर-खाली होणारा, काट्याला पातळी कळवणारा तो डबा. त्याचा दांडा गंजून मधेच आवळला होता. टाकी रिकामी झाली तरी फ्लोट खाली उतरतच नव्हता. आत्याने तो मांडीवर घेतला, सांधा घासूनपुसून मोकळा केला. दांडा सहज हलायला लागला तशी गालात हसली...

पारूबाईंशी ती वाद घालत बसली नाही. "पंपापातूर चल. निस्ती बस," म्हणून त्यांना घेऊन गेली. मी मागे बसलो होतो. टाकी भरल्यावर आत्याने चावी फिरवली. काटा सावकाश वर चढत गेला. पारूबाई टक लावून बघत होत्या.

"लई हट्टी हायेस तू," शेवटी त्या म्हणाल्या.

"व्हय. परवा सकाळी तयार ऱ्हा."

त्यानंतर पारूबाईंनी एकही फेरी चुकवली नाही. आपल्या आधी आत्या जाईल, हे त्यांच्या स्वप्नातही नसणार.

आता आत्याच्या गाडीने त्या फेऱ्या मी करतो. पहिल्याच दिवशी त्यांना दारात सोडून मी गाडी वळवायला लागलो, तर त्या थांबल्या. "कडी लावल्याचा आवाज आला की मग जा. तिची तशी रीत व्हती."

मी इंजिन बंद केलं. पारूबाई हळूहळू पायऱ्या चढल्या, आत गेल्या. कडी वाजली. मग मी चावी फिरवली.