न दिसणारं तेल

उद्या मुक्ताची राज्याच्या संघासाठी निवड चाचणी, म्हणून आम्ही बापलेक दुपारपासून बोलिंगच्या हॉलमध्ये आहोत. नवा बॉल ती प्रत्येक लेनवर, म्हणजे पिनांकडे जाणाऱ्या लांब लाकडी पट्टीवर, टाकून बघतेय. पहिल्या लेनवर तो शेवटी झोकात वळला आणि सगळ्या पिना आडव्या झाल्या. शेजारच्या लेनवर, त्याच हाताने टाकलेला, नुसता घसरत बाजूच्या खाचेत गेला.

मला दोन्ही लेन सारख्याच चकचकीत दिसत होत्या.

"लेनवर लावलेलं तेल कमीजास्त असतं, बाबा. बघून नाही कळत, टाकूनच बघावं लागतं."

माझी नागपूरला बदली झालीय. सकाळी तिच्या आईला सांगितलं, तर ती "बरं" म्हणाली आणि भाजी चिरत राहिली. पण मुक्ताचे सर इथे, सराव इथे. तेच वाक्य हिच्याकडे कसं जाईल? उद्यापर्यंत थांबावं का?

मुक्ता बॉल पुसत वळली. "काय लपवतोयस? मघापासून बघतेय मी."

तिचा चेहरा शांत होता, अगदी त्या लेनसारखा.

"आपण नागपूरला जातोय," मी म्हणालो. वाक्य हातातून सुटलं होतं. आता ते कुठे वळतंय, एवढंच बघायचं होतं.