कान तुटलेला कप
मांडणीवरचा कान तुटलेला कप दिसला की गिरीज गावातल्या आमच्या घरातली ती दुपार आठवते. ओटीवर केळीचे घड रचलेले होते आणि शेजारी बसून आमच्याच चर्चमधला एजंट वडिलांच्या आरोग्य विम्याचा फॉर्म भरत होता. "काका, आधीचा काही आजार?" "काय नाय," वडील म्हणाले. त्यांची शुगर गावात कळायला नको होती. तेवढ्यात आई चहा घेऊन आली. "कान तुटलेला यांचा, बिनसाखरेचा." शुगर लिहून एजंट म्हणाला, "आता शुगरच्या दुखण्याला तीन वर्षं विमा लागू नाही. पण लपवली असती तर पुढे क्लेमच नाकारला असता." वडील आठवडाभर आईशी बोलले नाहीत. चौथ्या वर्षी शुगरमुळेच त्यांच्या पायाचं ऑपरेशन झालं आणि क्लेम मंजूर झाला. आज मी माझा विम्याचा फॉर्म भरला. खरं बोलून टाकायला बायको घरात नव्हती. तरी आजाराच्या रकान्यात माझं बीपी लिहिलं.