खुडूक कोंबडी आणि एकच पिल्लू

घाटात विजेची गाडी सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. माझे मालक रेल्वेत फायरमन होते आणि लोणावळ्याला चाळीत आम्हाला एक खोली मिळाली होती. माझं माहेर इंदुरीचं. तिथं कोंबड्या पार नदीपर्यंत हिंडायच्या, त्यांच्याकडे मुद्दाम कुणी बघत नसे. लग्नानंतर आईनं दोन कोंबड्या दिल्या, तेव्हा कळलं की त्यांचंही करावं लागतं.

शेजारी एक मुसलमान बाई राहायच्या. वयानं मोठ्या, म्हणून मी त्यांना मावशी म्हणे. त्यांची म्हातारी कोंबडी खुडूक झाली होती; पोटाखाली अंडं नसताना कोपऱ्यात बसून राही आणि जवळ जाईल त्याला टोची. माझ्या कोंबड्या अंडी द्यायच्या, पण उबवायला बसायच्या नाहीत.

"अंडी तुजी, खुडूक माजी," मावशी म्हणाल्या. "पिल्लं निम्मी-निम्मी."

नाल्यापलीकडच्या झोपडीतला कोंबडा आमच्या दारात यायचाच, त्यामुळे अंडी उबवण्याजोगी होती. मालकांच्या तोंडचं अंडं काढून मी ती साठवली. पाटीत भाताचा पेंढा घातला, गडगडाटानं अंडी बिघडू नयेत म्हणून लोखंडी खिळा ठेवला. वळवाचा पाऊस मात्र कडकडाट करूनच गेला. तीन आठवड्यांनी एकच पिल्लू निघालं, बाकीची अंडी नासली.

"आता ह्याचं निम्मं कसं करायचं गं?" मावशींना हसू आवरेना. मला काही हसू आलं नाही. मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही.

पिल्लू दोन्ही दारांत वाढलं. पावसाळा सरेपर्यंत डोक्यावर लाल तुरा आला आणि निदान अंडी तरी वाटून घेऊ, ही आशाही गेली. तो कोंबडा होता. पहाटे आरवला असता तर कुणी काही म्हटलं नसतं. हा भर दुपारी कोळशाच्या ढिगावर चढून बांग द्यायचा, आणि चाळीतली निम्मी माणसं रात्रपाळी करून दिवसा झोपलेली असायची.

एक दिवस समोरचे ड्रायव्हर लाल डोळ्यांनी दारात उभे. "बाई, रातभर इंजिनाची शिट्टी, दिसा ह्याची. मानसानं झोपायचं कवा? कापा त्याला, न्हाईतर मी कापतो."

त्यांचं चूक नव्हतं. आमचे मालकही कानात बोळे घालून झोपत. मी मावशींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "कापला तर एका जेवणात संपंल. तुज्या माहेरी कोंबडा हाय का?"

नव्हता. माहेरचा कोंबडा रानमांजरानं नेल्याचं भाऊ नुकताच सांगून गेला होता.

मग आम्ही दोघी कोंबडा टोपलीत घालून तळेगावपर्यंत गाडीनं गेलो. डब्यात तो ओरडला तेव्हा मावशींनी टोपलीवर पदर टाकला आणि स्वतःच जोरजोरात खोकू लागल्या. समोरचा एक म्हातारा गृहस्थ त्यांना खडीसाखर देऊ लागला. मी खिडकीबाहेर तोंड करून हसत होते. पिल्लाच्या वेळचा उरलासुरला राग तिथंच गेला.

पुढं इंदुरीपर्यंत चालत गेलो. आईनं कोंबडा उचलून वजन पाहिलं, पायांच्या नख्या पाहिल्या. "ब्येस हाय," म्हणाली आणि अंड्यावर यायला टेकलेल्या दोन तलंगा, तरण्या कोंबड्या, आमच्यासमोर धरल्या, एक काळी, एक ठिपक्यांची. मावशींना पिठलं-भाकरी वाढली. त्या दोघींच्या गप्पा इतक्या रंगल्या की निघायला उशीर झाला आणि स्टेशनापर्यंत पळावं लागलं.

मी ठिपक्यांची घेतली. मावशींची काळी थंडीत लवकर अंड्यावर आली. माझी महिनाभर नुसती खात राहिली आणि मग घालू लागली ती मावशींच्या वाकळेवर.

"तुजं घेऊन जा गं!" त्या भिंतीपलीकडून हाक मारत. मी जाई तेव्हा अंडं अजून गरम असे.