दुपारच्या नकाशात नसलेला धूर

आई फोनवर बोलता बोलता खोकली आणि मी गावाला निघायचं ठरवलं. माझे वडील, आण्णा, मागच्या ऊसतोडीच्या हंगामात दम्यानं गेले. यंदाची तोड सुरू झाली होती. घरामागच्या रानातलं पाचट, म्हणजे तोडीनंतर उरलेला उसाचा वाळका पाला, पेटायच्या आत आईला पुण्याला आणायचं होतं.

माझं काम उपग्रहाच्या नोंदींवरून हवेतल्या धुरक्याचे नकाशे करण्याचं. नोंदी जमिनीवरून ताडून बघायला एक छोटं यंत्र असतं, सूर्याकडे रोखून धरायचं. तेही बरोबर घेतलं.

पुण्याहून पहाटे निघालात तर साताऱ्याच्या रस्त्यावरच्या खंडाळ्यापर्यंत गर्दी लागत नाही. घाट चढल्यावर समोरचे डोंगर स्पष्ट दिसायला हवे होते, पण ते पुसट होते. साताऱ्यात मिसळ मागवली, अर्धी टाकली. पुढे रहिमतपूरमार्गे औंध. यमाईच्या डोंगरावर बऱ्याच वरपर्यंत गाडी जाते. उपग्रह दुपारी जातो, त्या सुमारास मी यंत्र वर धरलं.

नारळवाल्या मावशी म्हणाल्या, "सूर्याचा फोटो काढताय व्हय? त्यो न्हाई हसायचा!"

आकडा ठीक होता. तीनेक तास थांबल्यावर नकाशा आला, त्यातही आमच्या गावावर फिकट पिवळा रंग, म्हणजे हवा बरी. तरी मी भाकरी काचा लावून गाडीतच खाल्ली.

पुसेसावळी, कडेगाव करत पलूसच्या बाजूला उतरलं की माळ संपून ऊस लागतो. तिथं पोचेपर्यंत सांज झाली आणि एकेक फड पेटू लागला. वारा पडल्यावर आग आवरायला सोपी जाते, म्हणून पाचट याच वेळी पेटवतात. दम्याचं माणूस बरोबर असेल तर या दिवसांत हा रस्ता दुपारीच गाठा.

चुलतभाऊ संपतदादा आमच्या अंगणातच बसला होता. घरामागचं रान त्याचं.

"दादा, तू कधी पेटवणार?"

"उद्या सांजच्याला. का गं, तुझ्या उपग्रहाला दिसंल म्हणून?"

"तो दुपारी येतो."

"मग सांजचं त्येला काय कळतंय! लय शाणा दिसतोय."

मला हसू आलं नाही. आईला म्हटलं, "सकाळी निघायचं."

"वर्साच्या आत घराला कुलूप लावायचं न्हाई," आई म्हणाली. "आण्णा आलं आन् दार बंद दिसलं तर?" आणि खोकायला लागली. मी तिला पाणी दिलं.

शेवटी संपतदादाच म्हणाला, "आवं काकी, मी झोपतो हितं. दिवा लावतो. दार उघडं ऱ्हाईल, मग तर झालं?"

सकाळी आई गाडीत बसली. काचा बंद ठेवून आम्ही थेट पुणे गाठलं.

आता तिचा खोकला कमी आहे. संपतदादानं पाचट पेटवलं त्या दिवशीचा नकाशा तिला दाखवला. तोही फिकट पिवळा होता.

"आपलं घर कुठलं?"

मी बोट ठेवलं.

"दार उघडं हाय का बघ की."

तेवढं त्यात दिसत नाही. संध्याकाळी संपतदादाला फोन लावून आईकडे दिला.

"उघडं हाय, काकी," तो म्हणाला. "दारातच बसलोय."

एवढं बोलून तो खोकायला लागला.