दोनदा आलेला वायरलेस

भुताखेतांवर, संकेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. आयुष्यभर आकडेमोडीवर पोट भरलेला माणूस मी. तरी हे लिहितोय, कारण तेव्हा खोलीत मी एकटा नव्हतो...

नव्वदच्या दशकाची सुरुवात. नोएडात नवे सेक्टर उठत होते, घरोघरी केबल येत होती, आणि दिल्लीत यमुनेकाठच्या आमच्या ऑफिसात पुराचा अंदाज सांगणारा पहिला कम्प्युटर बसला होता. नदीच्या वरच्या अंगाच्या चौक्या पाण्याची पातळी वायरलेसवर कळवायच्या, मी आकडे भरायचो.

पावसाळ्यातली ती सकाळ लख्ख उन्हाची. मी आणि माझे सहकारी सक्सेनाजी चहा घेत होतो. तेवढ्यात वायरलेसचा सेट खरखरला. जवळच्या चौकीवरच्या रावतजींचा आवाज — "दिल्ली, दिल्ली! बांध टूट गया... खादर खाली कराओ, जल्दी—" मागे कुत्रं केकाटत होतं. मग एकदम शांत. किती हाका मारल्या, उत्तर नाही. फोनही लागेना.

"कम्प्युटर क्या कह रहा है?" सक्सेनाजींनी विचारलं.

"पानी उतर रहा है."

इशारा खोटा ठरला तर पुन्हा आमच्यावर कोण विश्वास ठेवणार? पण खादरात, नदीलगतच्या त्या सखल जमिनीत, झोपड्या होत्या, लेकरं होती. आम्ही जीप काढली. "कहाँ है पानी, बाबूजी?" एका बाईनं विचारलं. शिव्या खाल्ल्या, पण दुपारपर्यंत सगळ्यांना उंच रस्त्यावर आणलं.

ऑफिसात परतलो तर सेट पुन्हा खरखरला. तोच आवाज, तेच शब्द, 'जल्दी'वरच तुटलेले. मागे तेच कुत्रं... सक्सेनाजींनी झडप घालून माईक उचलला. या वेळी हाकेला उत्तर आलं — बांध आत्ता, डोळ्यांदेखत फुटला होता. संध्याकाळच्या आत खादर बुडालं.

पाणी ओसरल्यावर रावतजींना भेटायला गेलो. त्यांचा सेट पुराच्या आदल्या दिवसापासून बंद होता, पुराच्या दिवशी दुपारी कसाबसा सुरू झालेला.

"सुबह मैं कैसे बोलता, साब? दोपहर को बोलते वक्त यही लगा कि देर हो गई. कोई नहीं बचेगा."

"सब बच गए, रावतजी."

ते तिथेच चिखलात बसले आणि ढसाढसा रडले.

सक्सेनाजींचा अजून फोन येतो. गुडघे, नातवंडं, हवा — सगळं बोलून होतं. त्या सकाळचा विषय निघाला की मात्र ते दर वेळी एवढंच विचारतात, "सुबह कुत्ता भी सुना था ना?" आणि मी म्हणतो, "सुना था."