घुमणारा वर्ग

दुसरीच्या मुलांनी बाईंचं नाव ठेवलं होतं शिट्टीबाई. कानातलं यंत्र नीट बसलं नाही की ते बारीक शिट्टी वाजवायचं, त्यावरून. बाईंना हे ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. लहानपणी तापात कान अधू झाले, तेव्हापासून त्यांना चीड होती ती फक्त कीव करणाऱ्यांची.

शाळा नव्या इमारतीत गेली तेव्हा सगळे खूश होते. गुळगुळीत फरशी, भल्यामोठ्या काचा, उंच सिमेंटचं छत. पहिल्या दिवशी मुलांनी बाकं सरकवली आणि बाईंना वाटलं, भांड्यांची मांडणीच कोसळली. प्रत्येक शब्द भिंतीवर आपटून परत यायचा आणि पुढच्या शब्दाच्या अंगावर पडायचा. यंत्र बिचारं सगळंच मोठं करायचं. मागच्या बाकावरच्या एका अबोल मुलीनं काहीतरी विचारलं. बाईंनी पुन्हा पुन्हा "काय गं?" केलं, तेव्हा ती "काही नाही" म्हणून खाली बसली. ते बाईंना फार लागलं.

काही आठवड्यांनी मुख्याध्यापिकांनी बोलावून घेतलं. "तुम्ही ग्रंथालय सांभाळा. शांत काम आहे. तुमच्या कानांचा विचार करूनच म्हणतेय."

"जुन्या शाळेतही माझे कान हेच होते," बाई म्हणाल्या. "बदलली ती खोली. मग दुरुस्ती तिची करा."

"बाकी कुणाची तक्रार नाही हो."

"बाकीच्यांचे घसे बसलेत, तक्रार करणार कशानं?"

मुख्याध्यापिकांना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. सहामाहीपर्यंत बघू, नाहीतर ग्रंथालय, असं ठरलं.

बाईंनी आधी मागच्या भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवले, कुणीतरी सांगितलं होतं म्हणून. टाळी वाजवून पाहिली. तिचा कर्कशपणा जरासा कमी झाला, घुमणं होतं तसंच. थर्मोकोल लावून पाहिला, त्यानं तर तेवढंही केलं नाही. त्यांची नणंद वर्ग बघायला आली आणि म्हणाली, "वहिनी, आता कोंबड्या तेवढ्या आणायच्या राहिल्या."

नणंदेचं सोफे आणि गाद्या शिवायचं दुकान होतं. एका संध्याकाळी बाई तिथे बसल्या होत्या. गिऱ्हाइकाकडे वळून नणंद हळूच पुटपुटली, "आमच्या वहिनींनी एकदा डोक्यात घेतलं की संपलं."

"ऐकलं मी," बाई म्हणाल्या आणि स्वतःच चमकल्या. वर्गात समोर उभं राहून बोललेलं नीट कळत नाही, आणि इथे पाठमोरं पुटपुटलेलंही कळलं? त्यांनी आजूबाजूला पाहिलं. भिंतीला टेकून कापसाच्या, लोकरीच्या, फोमच्या थप्प्याच थप्प्या. आवाज त्यात शिरत होता आणि परत येत नव्हता.

मग दोघी एकेक तुकडा तोंडाशी धरून फुंकू लागल्या. फुंकर ज्यातून जाईल त्यात आवाजही शिरेल, असा त्यांचा हिशोब. थर्मोकोलमधून काही जाईना. रेक्झिन चढवलेली गादीही नापास. फोम पास झाला. नणंद लगेच मापं घ्यायला निघाली.

"आणि आग लागली तर?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

हा प्रश्न खरा होता. बाईंनी घरामागच्या मोकळ्या जागेत फोमचा तुकडा पेटवला. काळा धूर निघाला, वितळलेले थेंब टपकले. तिथे आपली मुलं बसवायची? फोम बाद.

शेवटी बॉयलरचं काम करणाऱ्या एका मिस्त्रीकडून दगडी लोकरीचे ताठ तक्ते मिळाले. दगड वितळवून ओढलेले ते धागे. फुंकर आरपार जायची. त्या धाग्यांनी अंग खाजायचं मात्र, म्हणून हातमोजे आणि मास्क घालून दोघींनी ते लाकडी चौकटींत बसवले आणि आग न धरणाऱ्या विरळ विणीच्या कापडात घट्ट बंद केले. बाईंनी मुख्याध्यापिकांना मैदानात उभं केलं आणि त्यांच्यासमोर एका तुकड्याला लायटर लावला. तुकडा नुसता काळवंडला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "लावा."

सहामाहीच्या सुट्टीत मिस्त्रीनं बहुतेक चौकटी छताखाली टांगल्या, उरलेल्या मागच्या भिंतीवर थोडी फट ठेवून बसवल्या. बाईंनी टाळी वाजवली. ती जागच्या जागी विरली. शाळा उघडल्यावर मुलं आपोआप हळू बोलू लागली. ओरडायची गरजच उरली नव्हती. बाई मागच्या बाकाजवळ जाऊन उभ्या राहिल्या आणि पुढच्या रांगेतली कुजबुज त्यांनी ऐकली. ती त्यांच्याबद्दलच होती. त्या मनापासून हसल्या.

संस्थेचे लोक पाहणीला आले तेव्हा एक गृहस्थ छताकडे बघून म्हणाले, "एवढी सुंदर इमारत, आणि ही ठिगळं?"

"काढायला सांगते," मुख्याध्यापिका घाईनं म्हणाल्या.

"सांगू नका," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, तरी सगळ्यांना ऐकू गेला. "शेजारचा वर्ग अजून तसाच आहे. साहेबांनी तिथे एक धडा शिकवावा, मग इथे. त्यानंतरही काढावंसं वाटलं तर शिडी मी धरते."

गृहस्थ खरोखरच शेजारच्या वर्गात गेले. लवकरच घसा खाकरत बाहेर आले आणि पुढच्या खोलीकडे वळले. ठिगळं जागच्या जागी राहिली. वर्षभरात शेजारचे दोन्ही वर्गही तसेच झाले. बाईंची कुणी माफी मागितली नाही, त्यांनीही वाट पाहिली नाही. निवृत्त होईपर्यंत त्या दुसरीलाच शिकवत राहिल्या.