छुंद्याला ऊन लागतं

माझ्या बायकोला मी एका फोनवर आजारी पाडलं, आणि तिला स्वतःला ते दोन दिवस कळलं नाही.

सुनंदा दर उन्हाळ्यात पाणीगेटच्या आमच्या गच्चीवर विकायला छुंदा करते, कैरीचं गोड लोणचं. किसलेली कैरी आणि साखर पातेल्यात घालून, वर फडकं बांधून आठ दिवस उन्हात ठेवायची. यंदा तिसऱ्याच दिवशी आभाळ भरून आलं आणि साखरेचा पाक पातळच राहिला.

"लोकांना सांगा, ऊन नाही, उशीर होईल," ती म्हणाली. फोन सांभाळायचं काम माझ्याकडे. (निवृत्त माणसाला काहीतरी काम द्यावं लागतं.) पण ऊन नाही, हे काय कारण झालं? मी तीस वर्षं कारखान्याच्या स्टोअरमध्ये काढली होती. तिथे उशिराला भारदस्त कारण लागे.

शेजारच्या गल्लीतल्या नीलाबेनना मी "उद्या नक्की" म्हणालो. त्यांची मुलगी सोमवारी कॅनडाला निघणार होती. दुसऱ्या दिवशी त्यांचा पुन्हा फोन आला, तेव्हा तोंडातून निघून गेलं, "सुनंदाला जरा बरं नाही."

मग करजणच्या जयेशभाईंचा फोन, त्यांच्या बरणीचं काय झालं म्हणून. तेच कारण दोनदा कसं वापरायचं? म्हणालो, "करजणहून कैऱ्याच आल्या नाहीत."

मग ते हळूच म्हणाले, "पण भाई, कैऱ्या तर मीच मोकलल्या ने, टेंपोने?"

"हो, पण... सगळ्या नाही आल्या."

यानंतर कोणाला काय सांगितलं ते मला आठवेना. लिहून ठेवायला बसलो, तर आपण लिहितोय ते कारण की खरं, यातच गोंधळ झाला.

शनिवारी सकाळी जयेशभाई दहा किलो कैऱ्या घेऊन दारात उभे. टेंपोवाल्याशी भांडूनच आले होते. त्यांच्या मागून नीलाबेन, हातात आजाऱ्यासाठी मऊ खिचडी. तेवढ्यात सुनंदा गच्चीवरून खाली आली, कोपरापर्यंत चिकट.

"भाभी, तुम्ही उठलात कशाला?" नीलाबेन म्हणाल्या.

"मी पहाटेच उठते," सुनंदा म्हणाली. मग तिने दोघांकडे पाहिलं, आणि शेवटी माझ्याकडे. मी कैऱ्या मोजायला लागलो.

"मी ठणठणीत आहे. कैऱ्याही सगळ्या आल्या," ती म्हणाली. "ऊन नाही, म्हणून छुंदा झाला नाही. कधी होईल ते मला माहीत नाही. कच्चा देणार नाही, तिकडे जाऊन बिघडेल. थांबायचं नसेल तर पैसे परत देते."

मी मनात म्हटलं, आता दोन्ही गिऱ्हाइकं गेली.

"एटलुंज ना? एवढंच?" नीलाबेन म्हणाल्या. "मग पुढच्या महिन्यात माझी बहीण जाते कॅनडाला, तिच्याबरोबर मोकलीन. आधी सांगितलं असतं तर मी रोज बॅग उघडून जागा केली नसती."

जयेशभाई टेंपोवाल्याला फोन लावून माफी मागत होते.

पुढे ऊन पडलं, नीलाबेनची बरणी बहिणीबरोबर गेली. फोन सुनंदाकडे गेला. झाला नसेल तर ती सगळ्यांना "अजून झाला नाही" एवढंच सांगते, आणि लोक निमूट थांबतात. परवा ती आंघोळीला गेली होती म्हणून मी फोन उचलला.

"भाई," पलीकडून आवाज आला, "खरं सांगणारं कोणी घरात आहे का?"